फुलपाखरांचे मॅक्रो फोटो आणि प्रजातींची ओळख: पुण्यातून वारंवार येणारे प्रश्न

पहिले दोन-तीन जोरदार पाऊस झाले की टेकडीवर फिरणाऱ्या मंडळींचे मेसेज सुरू होतात. एक फोटो आणि खाली दोनच शब्द: "हे कोणतं?" असे वर्षानुवर्षं आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे नवख्यांसाठी आहेत, पुढचे अवघड होत जातात. प्रजातींची इंग्रजी नावं देवनागरीत तशीच ठेवली आहेत, कारण टेकडीवर भेटणारे सगळे तीच वापरतात. मराठी नावांबद्दल प्रश्न १४ पाहा.

१. माझ्याकडे कॅमेरा नाही. मोबाइलवर जमेल का?

जमेल, आणि ओळख पटवण्यापुरतं तर नक्कीच जमेल. बहुतेक जण एकच चूक करतात: मोबाइलचा मॅक्रो मोड लावतात आणि फुलपाखरापासून दोन-तीन सेंटिमीटरवर जायला बघतात. इतकं जवळ कोण येऊ देणार? त्यापेक्षा मोबाइलला दुप्पट किंवा तिप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरा, हातभर लांब थांबा आणि घरी येऊन फोटो कापून घ्या. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस पक्का करायला विसरू नका. अल्ट्रावाइडवाला मॅक्रो मोड अंडी, अळी आणि कोष यांच्यासाठी उत्तम. ती पळून जात नाहीत.

२. कॅमेऱ्यासाठी नेमकी कोणती लेन्स घ्यावी?

फक्त फुलपाखरांसाठी घेणार असाल तर ९० ते १०५ मिलिमीटरची मॅक्रो लेन्स. ५० किंवा ६० मिलिमीटरची स्वस्त मिळते, पण तिने फार जवळ जावं लागतं. १०० मिलिमीटरच्या लेन्सनेही एकास एक आकारात (म्हणजे सेन्सरवर फुलपाखराचं चित्र त्याच्या खऱ्या आकाराइतकंच) फोटो काढताना लेन्सचं टोक आणि फुलपाखरू यांच्यात जेमतेम १५ सेंटिमीटर उरतात. १५० किंवा १८० मिलिमीटरची लेन्स या कामाला सगळ्यात छान, पण ती महाग असते आणि चढावर जड होते.

नवी लेन्स घ्यायचं बजेट नसेल तर घरात आहे ती ७०-३०० मिलिमीटरची झूम वापरा. तिच्यामागे एक एक्स्टेंशन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी पोकळ नळी) किंवा पुढे चिकटवायची क्लोजअप लेन्स लावली की मोठ्या आणि मध्यम फुलपाखरांचं काम भागतं. रेनॉक्सची १५० क्रमांकाची क्लोजअप लेन्स त्यासाठी पुरते. २५० क्रमांकाची ताकदीने जास्त आहे, पण ती लावली की अंतर फारच कमी होतं, म्हणून तिचा उपयोग अळ्या-अंड्यांनाच जास्त. माझ्या ओळखीतले कितीतरी चांगले फोटो जुन्या ७०-३०० वर निघालेले आहेत. लेन्स येईपर्यंत थांबू नका.

३. सेटिंग काय ठेवू? आणि एकास एक मॅग्निफिकेशन खरंच लागतं का?

आधी दुसऱ्या भागाचं उत्तर. ब्लू मॉर्मनचे पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंटिमीटर भरतात आणि फुल फ्रेम सेन्सरची रुंदी ३.६ सेंटिमीटर असते. म्हणजे ब्लू मॉर्मन पूर्ण बसवायचं तर एकास चार आकार पुरे. याउलट ग्रास ज्युएल हे आपल्याकडचं चिमुकलं फुलपाखरू पंख पसरूनही दीड-दोन सेंटिमीटरच असतं. खरी एकास एकची गरज तिथे, किंवा डोळे, सोंड, पंखावरचे खवले टिपायचे असतील तेव्हा.

आता सेटिंग. एकास एकवर एफ ८ (लेन्सच्या छिद्राचा आकडा; आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) ठेवलं तर स्पष्ट दिसणारी जाडी जेमतेम एक मिलिमीटर मिळते. एकास चारवर त्याच एफ ८ ला जवळजवळ एक सेंटिमीटर. म्हणून थोडं लांब राहून काढलेला आणि मग कापलेला फोटो बऱ्याचदा जास्त उपयोगी ठरतो. मी स्वतः एफ ८ ते एफ ११ च्या मध्ये राहतो. एफ २२ वर गेलं की सगळंच थोडं मऊ पडतं, कारण इतक्या जवळून काढताना छिद्र प्रत्यक्षात आकड्यापेक्षाही बारीक वागतं. शटर बसलेल्या फुलपाखराला १/२५० सेकंदापेक्षा संथ ठेवू नका. टेल्ड जे किंवा कॉमन रोझ मध पितानाही पंख फडफडवत राहतात, त्यांना १/१००० किंवा त्याहून जलद लागतं. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ऑटोवर सोडा, वरची मर्यादा ३२०० ठेवा.

४. पंखाचा अर्धा भाग स्पष्ट येतो, उरलेला धूसर. लेन्स बिघडली आहे का?

नाही. तुमचा सेन्सर आणि पंख समांतर नाहीत. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू म्हणजे उभं धरलेलं पोस्टकार्ड समजा. तुम्ही बरोबर बाजूला, त्याच उंचीवर आलात तर अख्खं कार्ड एका फोकसमध्ये येतं. जरा वरून किंवा तिरकं बघितलं की एक कडा निसटते. म्हणजे उकिडवं बसायचं, वेळ पडली तर गुडघे टेकायचे. फोकस डोळ्यावर ठेवायचा आणि श्वास सोडता सोडता तीन-चार फ्रेम घ्यायच्या, अंगाच्या पुढे-मागे होण्यातली एखादी नेमकी लागते. फोकस स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं) जिवंत फुलपाखरावर फक्त पहाटेच्या गारव्यात जमतं, तेही वारा नसेल तर.

५. जवळ गेलं की उडून जातं. काय चुकतंय?

तुमची सावली त्याच्यावर पडते, ही पहिली चूक. सूर्य कुठे आहे ते बघूनच पाऊल टाका. दुसरी चूक म्हणजे उभ्याने जाणं आणि शेवटच्या क्षणी खाली वाकणं. लांबूनच खाली बसा आणि बसल्या बसल्या पुढे सरका. आडवी हालचाल फुलपाखराला लगेच कळते, सरळ रेषेत हळू जवळ येणारी वस्तू त्या मानाने कमी. तिसरी गोष्ट वेळेची. फुलपाखराला उडायला अंग तापवावं लागतं. सकाळी सात-साडेसातला ते पंख उघडून ऊन खात बसतं, तेव्हा ते तुम्हाला बऱ्यापैकी सहन करतं. अकरानंतर पाठलाग करणं व्यर्थ आहे.

पाठलाग करूच नका, हा माझा खरा सल्ला. पॅन्सी, चांदवा (एगफ्लाय), सेलर हे बहुतेक उडून पुन्हा त्याच जागेवर किंवा हातभर अंतरावर येऊन बसतात. जागा धरून दहा मिनिटं थांबा.

६. पुण्यात कुठे जाऊ आणि कोणत्या महिन्यात?

जुलै ते नोव्हेंबर, त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबर. शहरात वेताळ टेकडी, तळजाई आणि पाषाण तलावाचा काठ. नवख्याने यांपैकी घराजवळची एक जागा धरावी आणि वर्षभर तिथेच जावं, म्हणजे कोणतं फुलपाखरू कोणत्या झाडाशी बांधलेलं आहे ते आपोआप कळायला लागतं. टेकडीच्या माथ्यावर सकाळी उशिरा लाइम बटरफ्लायसारख्यांचे नर घिरट्या घालत असतात. ते माद्यांची वाट बघत असतात.

सिंहगडाचा पायथा आणि दरीतली झाडी ही दुसरी पायरी. तिथे सावलीतली फुलपाखरं भेटतात. ताम्हिणीत घाटातल्या ओल्या जागांवर, रस्त्याकडेच्या झऱ्यांपाशी, नर ओल्या मातीतून क्षार शोषायला गोळा होतात. याला चिखलपान म्हणतात. ब्लूबॉटल आणि कॉमन गल तिथे एकाच वेळी डझनाने दिसू शकतात, आणि पावसाळा सोडून मार्च ते मे या काळातही तिथली ओली जागा फुकट जात नाही. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका.

पूर्वेकडे फार कमी जण जातात, ते मला खटकतं. सासवडच्या पुढे, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या आजूबाजूचा कोरडा माळ हा पूर्ण वेगळा प्रदेश आहे. क्रिमझन टिप, स्मॉल सामन अरब यांच्यासाठी ताम्हिणीत कितीही फिरलात तरी उपयोग नाही, त्यांना हा कोरडा माळच हवा. जिल्हा एकच, पण पश्चिमेकडचा पाऊस आणि पूर्वेकडचं कोरडेपण यांमुळे शंभर किलोमीटरच्या आत दोन जगं मिळतात.

७. फ्लॅश वापरला तर फुलपाखराला त्रास होतो का?

एखाद-दुसऱ्या फ्लॅशने काही होत नाही, मात्र स्किपर (प्रश्न ९) दचकून उडतात. मुख्य अडचण फोटोची आहे. निळी चमक ही रंगद्रव्याची नसून खवल्यांच्या रचनेमुळे प्रकाश परतल्याने दिसते, त्यामुळे समोरून थेट फ्लॅश मारला की निळा पांढरट पडतो किंवा गायबच होतो. फ्लॅश वापरायचाच तर पुढे बटर पेपर लावा आणि ताकद कमी ठेवा. दाट झाडीत त्याची गरज पडते, टेकडीवर नाही.

८. ओळख पटवायची असेल तर कोणते फोटो काढावेत?

हा या सगळ्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो. क्रम असा ठेवा: फुलपाखरू दिसलं की पहिला फोटो लांबून, जसा येईल तसा. मग पंख मिटलेले असताना बाजूने, म्हणजे पंखांची खालची बाजू. मग पंख उघडले तर वरून. देखणी पार्श्वभूमी, कोवळं ऊन, दवबिंदू हे सगळं त्यानंतर.

कारण साधं आहे. कितीतरी प्रजाती वरून सारख्या आणि खालून वेगळ्या असतात. लोक उघड्या पंखांचा सुंदर फोटो पाठवतात आणि मला "दोनपैकी एक" इतकंच उत्तर देता येतं. शक्य असेल तर ज्या झाडावर ते बसलंय त्या झाडाचा एक फोटो घ्या, विशेषतः मादी पानापानावर टेकत फिरत असेल तर. तारीख आणि जागा लिहून ठेवा. ताम्हिणी आणि सुपे यांतला फरक कळला तरी अर्धी यादी गळून पडते. अंगाचा रंग, पायांची संख्या आणि मिशांची टोकं फोटोत आली पाहिजेत. का ते प्रश्न ९ ते १३ मध्ये कळेल.

९. भारतात सुमारे तेराशे प्रजाती आहेत म्हणतात. सुरुवात कुठून करू?

कुळापासून. आपल्याकडे सहा कुळं आहेत. मोठी, बऱ्याचदा शेपटी असलेली स्वॅलोटेल: लाइम, मॉर्मन, जे. पांढरी-पिवळी पिएरिड: जेझबेल, एमिग्रंट, ग्रास यलो. इवलीशी निळी-करडी ब्लू मंडळी. जाड अंगाची, झटक्याने उडणारी स्किपर. जुडी नावाच्या फुलपाखरांचं एक छोटं कुळ. आणि सगळ्यात मोठं, कुंचलपाद: टायगर, क्रो, पॅन्सी, चांदवा, सेलर, सगळे ब्राउन.

कुंचलपाद ओळखायला एक सोपी खूण आहे. बसलेल्या फुलपाखराचे पाय मोजा. चारच दिसले तर ते या कुळातलं. पुढची जोडी आखूड होऊन कुंचल्यासारखी छातीशी दुमडलेली असते, चालायला वापरलीच जात नाही. स्वॅलोटेल सहाही पायांवर उभं राहतं.

१०. आमच्या सोसायटीच्या भिंतीवर तळहाताहून मोठं फुलपाखरू बसलंय. कोणतं?

दर पावसाळ्यात हा फोटो येतो आणि बहुतेक वेळा तो अॅटलास मॉथ असतो, म्हणजे पतंग. मिशा बघा. फुलपाखराची मिशी टोकाला जाड होते, काडेपेटीतल्या काडीसारखी. पतंगाची पिसासारखी किंवा टोकाकडे निमुळती. रंगावरून किंवा दिवसा उडतं का यावरून ठरवू नका, दिवसा उडणारे रंगीत पतंग भरपूर आहेत. स्किपरच्या मिशीचं टोक जाड होऊन पुढे आकड्यासारखं वळतं, त्यामुळे गोंधळ होतो, पण ती फुलपाखरंच. अॅटलास मॉथला तोंडच नसल्यात जमा असतं, ते काही खात नाही आणि थोडेच दिवस जगतं. त्याला साखरपाणी पाजायला जाऊ नका, आहे तिथे बसू द्या.

११. प्लेन टायगर आणि डॅनेड एगफ्लायची मादी यांत फरक कसा करू?

प्लेन टायगर अळी असताना रुईची पानं खातो आणि कडू होतो. एकदा तो चाखलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. डॅनेड एगफ्लाय, म्हणजे छोटा चांदवा, कडू नसतो, पण त्याची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते आणि त्या भीतीच्या आडोशाने जगते. नर मात्र अगदी वेगळा: काळा, पंखांवर जांभळ्या कडेचे मोठे पांढरे चांद.

फोटोत मागच्या पंखाकडे बघा. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात, मादीला तीन, नराला चार. चांदव्याच्या मादीला तिथे काही नसतं, फक्त वरच्या कडेशी एकच काळा ठिपका असतो. पंखांवर ठळक काळ्या शिरा असतील तर तो तिसराच, स्ट्राइप्ड टायगर.

मला ही मादी पहिल्यांदा कळली ती ठिपक्यांवरून नव्हे. तळजाईच्या कडेला एका पडक्या भिंतीपाशी "प्लेन टायगर" फिरत होता. रुईचं मोठं झुडूप वावभर अंतरावर होतं, पण त्याच्याकडे तो बघतही नव्हता. अगदी जमिनीलगत उडत, भिंतीच्या फटीतून उगवलेल्या घोळीच्या भाजीवर टेकत होता. एकदा टेकला, पोटाचं टोक पानाखाली वळवलं आणि उडाला. वाकून पाहिलं तर घोळीच्या मांसल पानाखाली एकच फिकट, उभ्या रेघांचं अंडं. टायगर घोळीवर अंडी घालत नाही, चांदवा घालतो. मग कॅमेऱ्यातले आधीचे फोटो मोठे करून पाहिले आणि मागच्या पंखाचं मधलं मैदान रिकामं होतं. तेव्हापासून मी फुलपाखराइतकंच ते कोणत्या झाडाशी काय करतंय हे बघतो.

१२. कॉमन मॉर्मन म्हणून तीन वेगवेगळे फोटो दाखवतात. खरा कोणता?

तिन्ही. नर एकाच रूपाचा असतो: काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ. मादीची तीन रूपं आहेत. एक नरासारखं, एक कॉमन रोझची नक्कल करणारं, एक क्रिमझन रोझची. दोन्ही रोझ विषारी आहेत, म्हणून ही नक्कल.

इथे पंख बघायच्या आधी अंग बघा. रोझचं अंग लाल असतं, मॉर्मनचं काळं. एवढ्या एका खुणेने नव्वद टक्के गोंधळ संपतो, आणि म्हणूनच प्रश्न ८ मध्ये अंग फोटोत घ्यायला सांगितलं आहे. रोझमध्ये आपसात फरक असा: पुढच्या पंखावर पांढरे पट्टे असतील तर क्रिमझन रोझ, मागच्या पंखावर मधोमध पांढरा डाग असेल तर कॉमन रोझ.

१३. छोटी निळी आणि छोटी पिवळी सगळी सारखीच दिसतात. काही उपाय?

खालच्या बाजूचा फोटो, दुसरा उपाय नाही. पिवळ्यांपासून सुरू करा. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मुळाकडे शिरांनी वेढलेली एक बंद जागा असते, तिला सेल म्हणतात. कॉमन ग्रास यलोच्या सेलमध्ये दोन खुणा असतात, थ्री-स्पॉटच्या तीन. पुढच्या पंखाचं टोक चौकोनी कापल्यासारखं दिसलं तर स्पॉटलेस ग्रास यलोचा विचार करा.

निळ्यांमध्येही तोच सेल. पेल ग्रास ब्लू आणि डार्क ग्रास ब्लू यांच्या सेलमध्ये एक ठिपका असतो, लेसर ग्रास ब्लूच्या नसतो. टायनी ग्रास ब्लूच्या पुढच्या पंखाच्या वरच्या कडेवर बारीक ठिपके दिसतात. हे सगळं मोबाइलच्या पडद्यावर दिसत नाही, संगणकावर फोटो मोठा करावाच लागतो.

एक ब्लू मात्र सोसायटीच्या बागेतच शिकता येतं. सायकसच्या कोवळ्या, अजून न उलगडलेल्या पानांवर छोटी करडी-निळी फुलपाखरं घुटमळताना दिसली तर ती प्लेन्स क्युपिड. पानांच्या गुंडाळीत डोकावलं तर अळ्या आणि त्यांच्या अंगावरून फिरणाऱ्या मुंग्याही दिसतील. अळी गोड द्रव देते, मुंग्या राखण करतात. आणि पानफुटीच्या पानात पोखरल्यासारखे फिकट पट्टे दिसले तर आत रेड पिएरोची अळी आहे. पानफुटी फेकून देण्याआधी एकदा बघा.

१४. फुलपाखरांची मराठी नावं कोणती? ब्लू मॉर्मनला राणी पाकोळी म्हणायचं की नीलवंत?

दोन्ही चालतात. २०१५ मध्ये महाराष्ट्राने ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखरू केलं, तेव्हा राणी पाकोळी हे नाव सगळीकडे गेलं. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पुढे प्रजातींना ठरवून मराठी नावं देण्यात आली, त्यात ते नीलवंत झालं. काही नावं इतकी नेमकी आहेत की ती वापरायलाच हवीत. जेझबेलचं हळदीकुंकू: पंख मिटल्यावर मागच्या पंखाचा पिवळा आणि कडेची लाल बोटं बघा, दुसरं नाव सुचणार नाही. पॅन्सीला भिरभिरी, एगफ्लायला चांदवा, प्लेन टायगरला बिबळ्या कडवा. नोंद करताना मात्र शास्त्रीय नाव किंवा इंग्रजी नाव सोबत ठेवा.

१५. एकाच जागी जूनमध्ये डोळ्यांची नक्षी असलेलं आणि जानेवारीत साधं तपकिरी फुलपाखरू मिळालं. दोन प्रजाती का?

बहुधा एकच. कॉमन इव्हनिंग ब्राउन पावसाळ्यात पंखाखाली डोळ्यांसारखी वर्तुळं घेऊन येतो आणि कोरड्या दिवसांत वाळक्या पानासारखा होतो. दोन वाळकी पानं सारखी नसतात तसे कोरड्या ऋतूतले दोन इव्हनिंग ब्राउनही सारखे नसतात. पॅन्सींमध्येही कोरड्या ऋतूत पंखांच्या कडा जास्त कोनेरी होतात. फोटोवर तारीख का हवी, त्याचं हे एक कारण.

१६. अॅपने नाव सांगितलं. ते खरं धरू का?

सुरुवात म्हणून धरा. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी संगणकाच्या सुचवणीनंतर माणसं तपासतात, म्हणून तिथे फोटो टाकणं चांगलं. भारतातल्या फुलपाखरांसाठी बटरफ्लाइज ऑफ इंडिया या संकेतस्थळावर प्रत्येक प्रजातीचे वरून-खालून, नर-मादी, ऋतूनुसार फोटो मिळतात, अळी आणि कोषाचेही. आपला फोटो त्यांच्याशी स्वतः ताडून पाहा. नक्कल करणाऱ्या माद्या (प्रश्न ११, १२) आणि छोटी ब्लू (प्रश्न १३) यांच्यात अॅप हमखास घसरतं. सह्याद्रीत न आढळणारं नाव अॅपने दिलं तर आधी शंका घ्या.

१७. टायगर आणि क्रो एका वाळलेल्या झुडपावर झुंडीने बसले होते. तिथे फुलंच नव्हती. काय चाललं होतं?

ते झुडूप खुळखुळ्याचं असणार. टायगर आणि क्रो यांचे नर खुळखुळ्याच्या वाळलेल्या किंवा खरचटलेल्या भागातून अल्कलॉइड नावाचं रसायन शोषतात. मादीला आकर्षित करणारा गंध त्यातून तयार होतो आणि संरक्षणही मिळतं. त्या वेळी ते इतके गुंग असतात की एकास एक फोटो आरामात मिळतो. टेकडीवर पावसाळा संपताना खुळखुळा शोधून ठेवा.

१८. कढीपत्त्यावर अळ्या आहेत. घरी वाढवून फोटो काढू का?

कढीपत्ता किंवा लिंबावरच्या अळ्या बहुतेक लाइम किंवा कॉमन मॉर्मनच्या. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्या. हात लावला तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुभंगलेलं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. घाबरू नका, ते चावत नाही.

शक्यतो झाडावरच राहू द्या आणि रोज एकाच कोनातून फोटो काढा. आत आणायचीच असेल तर एक-दोनच, डब्यात रोज ताजी पानं आणि स्वच्छता. नर्सरीतून नुकत्याच आणलेल्या रोपाची पानं देऊ नका, फवारणी झालेली असली तर अळी एका रात्रीत मरते. कोषातून फुलपाखरू बाहेर आलं की पंख मोकळे लटकायला खाली जागा हवी, नाहीतर ते कायमचे चुरगळतात. तेव्हा कोषाखाली लालसर थेंब पडतात. "रक्त आलं" म्हणून दरवर्षी कोणीतरी घाबरून फोन करतं. ते रक्त नाही, कोषातल्या काळात साठलेला मळ असतो.

१९. थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून मग फोटो काढले तर?

नाही. थंडीने बधिर झालेलं फुलपाखरू पायही नीट धरू शकत नाही, आणि जाणकाराला ते फोटोत लगेच दिसतं. पकडून फुलावर ठेवणं, पंख बोटांनी उघडणं, पाणी फवारून "दव" तयार करणं हेही नको. पंखावरचे खवले एकदा गेले की परत येत नाहीत. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली बऱ्याच प्रजातींना संरक्षण आहे, त्यांना पकडणं गुन्हा ठरू शकतो. मिलनातली जोडी आणि अंडी घालणारी मादी यांच्यापासून एक फोटो घेऊन मागे या.

२०. दुर्मीळ प्रजाती मिळाली. जागा जाहीर करू का?

नोंद करा, पण नेमकी जागा सगळ्यांसाठी उघडी ठेवू नका. आयनॅचरलिस्टवर ती झाकायची सोय आहे. एका ओढ्याकाठचं खाद्यझुडूप मी जपून पाहत होतो. त्याची जागा गटांमध्ये फिरली आणि दोन रविवारांत आजूबाजूची सगळी रोपं तुडवली गेली. त्या वर्षी तिथे पुन्हा अळ्या दिसल्या नाहीत.

२१. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येऊ नये म्हणून काय करू?

ताम्हिणीहून आल्यावर बॅग बंद ठेवू नका, कॅमेरा पुसून पंख्याखाली ठेवा. नंतर झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि ते ओलं झालं की तापवून वाळवा. चामड्याच्या कव्हरमध्ये लेन्स ठेवू नका.

२२. सगळं करून पाहिलं, तरी ओळख पटत नाही. मग?

मग नाव देऊ नका. "ग्रास ब्लू, प्रजाती अनिश्चित" ही पूर्ण आणि प्रामाणिक नोंद आहे. बुशब्राउन, काही स्किपर आणि काही निळे फोटोवरून सुटत नाहीत, अभ्यासकही त्यांना तसंच सोडतात. पंख झडलेले, रंग उडालेले नमुने तर आणखी कठीण. अशा फोटोंचा एक वेगळा फोल्डर ठेवा, तारीख-जागेसकट. पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याच झुडपावर ताजं, धड पंखांचं फुलपाखरू भेटलं की तो फोल्डर उघडा. माझ्याकडच्या चार वर्षांपूर्वीच्या एका स्किपरचं नाव मला याच श्रावणात मिळालं.